तोंडी परीक्षेत खरा प्रश्न दुसरा असतो

नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) लेखी पेपर निघाले. आता आरटीआरची (रेडिओ चालवण्याच्या परवान्याची) तोंडी आहे. त्यानंतर स्किल टेस्टला (उड्डाणाच्या परीक्षेला) एक्झामिनर विमानाकडे नेण्याआधी समोर बसवून विचारतील, ते वेगळंच. शाळा मराठी माध्यमाची. लिहिताना अडत नाही, पण समोर बसून कुणी विचारलं की येत असलेलंही आठवत नाही. सीनियर्सनी प्रश्नसंचांच्या पीडीएफ दिल्या आहेत. त्याच पाठ करू का?"

पीडीएफ एकदा वाचून काढ, म्हणजे प्रश्नांचा आवाका कळेल. पाठ मात्र करू नकोस. मी बरीच वर्षं विमान उडवायला शिकवतो आहे आणि विद्यार्थ्यांच्या सराव-तोंडी घेतो आहे. पाठांतर करून आलेला विद्यार्थी मला दुसऱ्या प्रश्नाला कळतो. पहिला प्रश्न पीडीएफमधला असतो, पण दुसरा तुझ्याच उत्तरातून निघतो, आणि तो कुठल्याच संचात छापलेला नसतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. तू सेसना १५२ वर शिकते आहेस असं धरतो. एक्झामिनर विचारतात, रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला) मॅग्नेटो ड्रॉप, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा एक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएम उतरणं, किती चालतो? उत्तर मॅन्युअलमध्येच आहे: १,७०० आरपीएमवर कुठल्याही एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त नको आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. छान. मग ते विचारतात, पण ड्रॉप होतो कशामुळे? प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि एकेक प्लग एकेका मॅग्नेटोवर चालतो. एक मॅग्नेटो बंद केला की प्रत्येक सिलिंडरमध्ये एकच ठिणगी पडते, इंधन थोडं सावकाश आणि कमी चांगलं जळतं, ताकद घटते, आरपीएम उतरतो. इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. मग तिसरा प्रश्न येतो: आणि ड्रॉप झालाच नाही तर?

इथे निम्मे विद्यार्थी हसून सांगतात, "म्हणजे इंजिन एकदम ठणठणीत आहे." उत्तर नेमकं उलट आहे. ड्रॉप झाला नाही म्हणजे तुला वाटतंय तो मॅग्नेटो बंदच झालेला नाही. त्याला बंद करणारी अर्थिंगची तार तुटली असेल किंवा स्विचमध्ये दोष असेल. मग किल्ली काढून खिशात घातली तरी तो जिवंतच आहे, आणि पार्किंगमध्ये कुणी प्रोपेलर हाताने नुसता हलवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. चौथा प्रश्न: मग तू काय करशील? उड्डाण रद्द करेन, मिक्स्चर ओढून (इंधन तोडून) इंजिन बंद करेन, प्रोपेलरजवळ कुणाला फिरकू देणार नाही, स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहीन आणि इंजिनिअरला सांगेन.

या चार प्रश्नांत एक्झामिनरला तू कशी पायलट होणार आहेस हे कळतं. म्हणून जे वाचशील त्याला तीन गोष्टी विचारायची सवय लाव: किती, का, आणि तसं झालं नाही तर? मॅन्युव्हरिंग स्पीड (ज्याच्या वर जोराचा हिसका देऊ नये तो वेग) १,६७० पौंडांना १०४ नॉट आणि १,३५० पौंडांना ९३, हे 'किती' झालं. वजन कमी झाल्यावर वेग कमी का, हे सांगता आलं पाहिजे. हलक्या विमानाचा स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) वेग कमी असतो. त्याच १०४ नॉटवर हिसका बसला, तर ते स्टॉल व्हायच्या आधीच ठरलेल्या ४.४ जीच्या (वजनाच्या ४.४ पट भाराच्या) पुढे जाईल आणि भार थेट सांगाड्यावर पडेल. हे एकदा नीट उमगलं की आकडा विसरला तरी तो कुठल्या बाजूला असणार हे तुला सांगता येतं.

दुसरी गोष्ट, अभ्यासासाठी एक विमान, एक विमानतळ आणि एक मार्ग निवड आणि सगळा सिलॅबस त्यांच्यावर बसव. विमान म्हणजे तू ज्यात टेस्ट देणार तेच, त्याच रजिस्ट्रेशनचं, त्याच मॅन्युअलचं. १५२ला कार्ब्युरेटर आहे, १७२एसला फ्युएल इंजेक्शन. १७२एसवर टेस्ट असताना कार्ब हीटबद्दल (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणाऱ्या गरम हवेबद्दल) तावातावाने सांगणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. विमानतळ तर तुझ्या घराजवळचाच आहे.

सोनेगावचंच, म्हणजे नागपूरच्या विमानतळाचंच घेऊ. धावपट्टी १४/३२, लांबी ३,२०० मीटर, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०३० फूट. आता नवतप्यातली दुपार डोळ्यांपुढे आण: पारा ४५ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब) १००३. एक्झामिनर विचारतील, आत्ता डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) किती? कागद माग आणि मोठ्याने बोलत बोलत काढ. १०१३ आणि १००३ मध्ये १० हेक्टोपास्कलचा फरक. एकाला ३० फूट धरले तर ३०० फूट. म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (१०१३ च्या प्रमाण दाबापासून मोजलेली उंची) सुमारे १,३३०. त्या उंचीला आयएसएप्रमाणे (प्रमाण वातावरणानुसार) तापमान १२ अंशांच्या आसपास हवं होतं, आहे ४५. फरक ३३ अंश. अंशामागे १२० फूट धरले तर जवळजवळ ४,००० फूट. एकूण ५,३०० फुटांच्या घरात. म्हणजे विमान सोनेगावच्या जमिनीवर उभं असलं तरी त्याच्या पंखांना आणि इंजिनाला वाटतं आपण महाबळेश्वरच्याही वर आहोत. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. टेक-ऑफ रन किती वाढेल? क्लाइंब किती मरेल? रोटेशनला (नाक उचलताना) इंडिकेटेड स्पीड (काट्यावर दिसणारा वेग) बदलेल का? शेवटच्या प्रश्नात पुष्कळ जण फसतात. इंडिकेटेड तोच राहतो, ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) वाढतो, म्हणून धावपट्टी जास्त लागते. तीन किलोमीटरच्या धावपट्टीवर १५२ला चिंता नाही, हे खरं. पण याच उन्हात ८०० मीटरच्या पट्टीवरून निघायचं असेल तर? असा प्रश्न आला तर आकडा ठोकून देऊ नकोस. परफॉर्मन्स टेबल उघड आणि बोट ठेवून दाखव.

अल्टिमीटरचंही याच दुपारी कर. सोनेगावच्या एप्रनवर क्यूएनएच लावला की काटा १,०३० दाखवेल, क्यूएफई (विमानतळावरचाच दाब) लावला की शून्य, आणि १०१३ लावला की सुमारे १,३३०. ही तीन वाक्यं तोंडातून सहज निघाली की ट्रान्झिशन अल्टिट्यूड (क्यूएनएच सोडून १०१३ लावायची उंची) आणि लेव्हलवरचे निम्मे प्रश्न संपतात.

मार्ग म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी नागपूर ते बिरसी देतो, म्हणजे गोंदियाचा विमानतळ. सुमारे ७५ नॉटिकल मैल, ट्रॅक (जमिनीवरची दिशा, अंशांत) ०७० च्या आसपास. खाली आधी कन्हान लागते, मग वैनगंगा, भंडारा उजव्या हाताला राहतं. ट्रॅक ०७०, म्हणजे ००० ते १७९ मध्ये, म्हणजे विषम हजार, आणि व्हीएफआर (बाहेर बघून केलेलं उड्डाण) आहे म्हणून त्यात ५००. फ्लाइट लेव्हल ०५५, म्हणजे ५,५०० फूट, बसते. परतीला? सम अधिक ५००. वैनगंगेवर ठरल्यापेक्षा चार मिनिटं उशिरा पोहोचलीस, तर ग्राउंड स्पीड किती आणि बिरसीचा नवा ईटीए (पोहोचण्याची अंदाजे वेळ) किती? तुझं इंधन किती तासांचं? बिरसीला पोहोचल्यावर धावपट्टी बंद असेल तर कुठे जाशील? एकाच मार्गावर नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन आणि टेक्निकल सगळं येतं. प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी तुझे पाय ओळखीच्या जमिनीवर असतात.

रेडिओ थिअरीसुद्धा याच मार्गावर बसते. व्हीएचएफ सरळ रेषेत जातो, म्हणून उंचीवर पल्ला ठरतो: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, उत्तर नॉटिकल मैलांत. जमिनीपासून १,००० फुटांवर असशील तर साधारण ३९ मैल, म्हणजे वैनगंगेच्या आसपासच नागपूर टॉवर ऐकू येणं बंद होईल. ४,५०० फुटांवर असशील तर ८० च्या वर, म्हणजे बिरसीपर्यंत आवाज पोहोचायला हवा. टॉवरच्या अँटेनाची उंची त्यात आणखी भर घालते. सूत्र सगळ्यांना येतं. ते आपल्या मार्गावर लावून दाखवणारा विद्यार्थी विरळा. आरटीआरला आवडीने विचारला जाणारा आणखी एक 'का' आहे: विमानाच्या व्हीएचएफला एएम का, एफएम का नाही? एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला पूर्ण गिळून टाकतो. एएममध्ये दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि निदान कळतं तरी, की दुसरंही कुणी बोलत होतं. तो दुसरा मेडे (जिवावरच्या संकटाची हाक) देत असू शकतो.

आता आरटीआरबद्दल. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाल्यावर, २०२५ च्या सुरुवातीपासून हे काम दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आलं. त्यामुळे सीनियर्सच्या पीडीएफमधला परीक्षेचा साचा जुना असू शकतो. डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा ताजा अभ्यासक्रम उतरवून घे आणि त्याच्याशी ताडून पाहा. विषय मात्र तेच आहेत: ट्रान्समिशन, नियम, उपकरणं, आपत्कालीन कार्यपद्धती.

ट्रान्समिशनला माझा आग्रह एकच आहे, वाचून सराव करू नकोस. मैत्रिणीला एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) कर, पाठीला पाठ लावून बसा, म्हणजे ओठ आणि हातवारे दिसणार नाहीत. तिने क्लिअरन्स (परवानगी) द्यायचा, तू लिहून घेऊन पूर्ण रीडबॅक द्यायचा, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं: धावपट्टी, लेव्हल, अल्टिमीटर सेटिंग, स्क्वॉक (ट्रान्सपाँडरचा कोड), हेडिंग. तिने मुद्दाम अधूनमधून चूक करायची. तू नुसतं "रॉजर" म्हणालीस तर तिने तिथेच थांबवायचं. रॉजर म्हणजे ऐकलं एवढंच. तसं करणार असशील तर विल्को, आणि जिथे रीडबॅक लागतो तिथे दोन्ही चालत नाहीत.

हे एवढं काटेकोर कशासाठी, ते तुला मनापासून कळावं असं मला वाटतं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरयाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंग ७४७ ला १४० लेव्हल दिली होती, उतरत येणाऱ्या कझाक आयएल-७६ ला १५०. कझाक विमान आपल्या लेव्हलच्या खाली आलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. चौकशीत त्या कॉकपिटमधलं कच्चं इंग्रजी आणि रेडिओ ऑपरेटरवरचं अवलंबन ठळकपणे पुढे आलं. १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन ७४७ धडकली आणि ५८३ जण गेले. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष टेक-ऑफ क्लिअरन्स देताना आणि तो रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा नियम आला. फ्रेझिओलॉजीच्या (रेडिओवरच्या ठरावीक शब्दांच्या) एकेका नियमामागे अशी माणसं आहेत. एक्झामिनर रीडबॅकवर अडून बसले तर त्यांचा राग मानू नकोस.

टॉवरच्या दिव्यांचे सिग्नल, ७५००-७६००-७७०० (अपहरण, रेडिओ बंद आणि आपत्काल यांचे स्क्वॉक), १२१.५ (आपत्कालीन फ्रिक्वेन्सी), मेडे आणि पॅन पॅनचा क्रम, ही पाठांतराचीच गोष्ट आहे, दोन संध्याकाळी बसून करून टाक. दिव्यांत हवा आणि जमीन यांची गल्लत होते, तेवढं सांभाळ: हिरवा उघडझाप करणारा दिवा हवेत असताना 'उतरण्यासाठी परत ये' सांगतो, जमिनीवर असताना 'टॅक्सी कर'.

मेटला पावसाळ्यातला नागपूरचा एक मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) रोज सकाळी उघड आणि मोठ्याने साध्या वाक्यांत सांग. ०३३० झेड (यूटीसी, जागतिक वेळ) म्हणजे आपले सकाळचे ९. तापमान २५, ड्यू पॉइंट २४ दिसलं की नुसतं "ह्युमिडिटी जास्त" म्हणून थांबू नकोस. ढग खाली येणार, दृश्यमानता पडू शकते, आणि १५२ मध्ये २५ अंशांतही उतरताना कमी पॉवरवर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या गावात बर्फाचा प्रश्न कोण विचारणार, असं मुलांना वाटतं, आणि तोच विचारला जातो. कार्ब हीट ओढल्यावर इंजिन आणखी खडखडलं तर? तसंच ठेवायचं. बर्फ वितळून पाणी जातंय, थोड्या वेळाने सुरळीत होईल. घाबरून हीट परत आत ढकललीस तर होतं तिथेच परत.

भाषेचं. मराठी माध्यमाचं ओझं तू विनाकारण वाहते आहेस. रेडिओवरची इंग्रजी ठरावीक साच्यातली आहे, ती सरावाने कुणालाही येते. आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) इंग्रजीची लेव्हल ४ सगळ्यांनाच लागते, आणि तिथेही उच्चार कळण्यासारखे आहेत का हे पाहतात, ते लंडनचे आहेत का हे नाही. अडचण येते ती समजावून सांगताना. तिथे मी असं सुचवतो: विषय आधी घरी आईला किंवा भावाला मराठीत समजाव. त्यांना विमानातलं काही कळत नसलं तर उत्तमच. त्यांनी फक्त प्रत्येक उत्तरानंतर "का?" विचारायचं. तू मराठीत अडखळलीस तर तुला ते आलेलंच नाही, इंग्रजीला दोष देऊ नकोस, पुस्तक उघड. मराठीत सुरळीत झालं की तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. आधी उत्तर, मग कारण, मग थांबायचं. शांतता भरून काढायला बोलत राहिलीस तर तूच एक्झामिनरला नवा प्रश्न पुरवशील, आणि तो बहुधा तुला न येणाऱ्या भागातला असेल.

आणि खरंच येत नसेल तेव्हा? काही गोष्टी यायलाच हव्यात, पुस्तक न उघडता, झोपेतून उठवलं तरी: टेक-ऑफनंतर इंजिन गेलं तर ६० नॉट, नाक खाली, समोरच. आग. रेडिओ फेल. काही गोष्टी बघून सांगायच्याच असतात, उदाहरणार्थ परफॉर्मन्सचे आकडे. तिथे "मी मॅन्युअल बघेन" आणि नेमकं पान उघडणं हे पूर्ण उत्तर आहे. या दोन्हींत न बसणारं काही आलं तर "मला माहीत नाही, सर" सरळ म्हण. थापा मारणारा उमेदवार मला भीतीदायक वाटतो, कारण हवेतही तो हेच करणार. बोलता बोलता चूक लक्षात आली तर तिथेच "करेक्शन" म्हणून दुरुस्त कर.

स्किल टेस्टच्या तोंडीला विमानाची कागदपत्रं, तुझं लॉगबुक आणि त्या दिवसाचं हवामान या तिन्हींतून प्रश्न येतात. रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस, एआरसी (एअरवर्दीनेस तपासणीचं प्रमाणपत्र), विमा, रेडिओचा परवाना: प्रत्येक कागद कधीपर्यंत वैध आहे ते आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि एक्झामिनरना त्यांचं वजन आधीच विचारून घे, संकोच करू नकोस. समजा १५२ चं रिकामं वजन १,१५० पौंड आहे. तुम्ही दोघं प्रत्येकी ८० किलोंचे असाल तर माणसांचे ३५२, वापरता येणारं २४.५ गॅलन इंधन १४७, एकूण १,६४९. मर्यादा १,६७०, बसलं. दोघं प्रत्येकी ९० किलोंचे असाल तर एकूण १,६९४ होतं, २४ पौंड जास्त, म्हणजे टाकी ४ गॅलनने कमी भरायला सांगावी लागेल. ही लोडशीट त्यांच्या खऱ्या वजनासह भरून टेबलावर ठेव, शेजारी सीजीचा (गुरुत्वमध्याचा) आलेख, त्यावर उड्डाणाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू. इंधन भरणाऱ्याला निरोप आधीच गेलेला असू दे.